फ्रेंच डिप्लोमॅट युनोत गेला की तो कुणाचा माणूस?

प्रश्न थोडक्यात असा आहे की भाची पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला फ्रेंच शिकतेय, पुढं युनोत जायचं तिच्या डोक्यात आहे, आणि तिनं कुठंतरी वाचलंय की युनोच्या शांतिसेनेचं खातं कायम फ्रेंच माणसाकडंच असतं. तर ही माणसं तिथं पोचतात कशी, आणि खुर्चीत बसल्यावर ती फ्रान्सची राहतात का युनोची होतात?

ताई, मी डिप्लोमॅट नाही हे आधीच सांगतो. माझी नोकरी युनोच्या फील्ड मिशन्समध्ये सिव्हिलियन बाजूला झाली, बराच काळ आफ्रिकेत, आणि काम म्हणजे वेगवेगळ्या देशांच्या पलटणी जे सामान घेऊन येतात ते मोजायचं, चालतंय का बघायचं, रिपोर्ट लिहायचा. त्यामुळं न्यूयॉर्कच्या त्या खुर्चीतल्या माणसाचे निर्णय आमच्यापर्यंत ट्रक, जनरेटर आणि हेलिकॉप्टरच्या रूपात यायचे, किंवा यायचेच नाहीत. त्या बाजूनं सांगतो. आणि सगळ्या फ्रेंच साहेबांना एका माळेत ओवण्यापेक्षा एकच करिअर धरतो, ज्याँ-मारी गेएनो यांची. २००० ते २००८ ते शांतिसेना खात्याचे प्रमुख होते, दर्जा अंडर सेक्रेटरी जनरल. एवढ्या मोठ्या काळात त्या खुर्चीचे सगळे फायदे तोटे दिसून आले.

आधी माणूस. जन्म १९४९ चा. वडील ज्याँ गेएनो हे फ्रान्समधले नावाजलेले लेखक, १९६२ ला फ्रेंच अकादमीवर निवडून गेलेले. पण हे खानदानी घर नव्हे हं, वडील ब्रिटनी भागातल्या फूजेर गावच्या चांभाराचे पोर, लहान वयात बुटाच्या कारखान्यात लागलेले, शिकून वर आलेले. जर्मनांनी फ्रान्स घेतला त्या चार वर्षांत या माणसानं जर्मन सेन्सॉरखाली काहीही छापायला नकार दिला, घरी बसून रोजनिशी लिहिली आणि ती युद्ध संपल्यावर काढली. हे सगळं इथं सांगायचं कारण म्हणजे अशा घरात वाढलेल्या पोराला ‘सरकार सांगतंय म्हणून’ या वाक्याचं फार अप्रूप राहत नसावं असा माझा आपला अंदाज.

पोरगा मात्र अगदी सरकारी रस्त्यानंच गेला. आधी एकोल नॉर्माल सुपेरिअर हे पॅरिसचं नामांकित कॉलेज, मग एना. एना म्हणजे द गॉलच्या सरकारनं १९४५ ला काढलेली वरच्या अधिकाऱ्यांची शाळा, २०२२ पासून तिच्या जागी दुसरी संस्था आलीय, पण गेएनोंच्या पिढीचे बहुतेक मोठे अधिकारी आणि निम्मे पुढारी तिथूनच बाहेर पडले. आपल्याकडं युपीएससीत रँकप्रमाणं सर्व्हिस मिळते तसंच तिथं, फक्त रँक शाळेतून बाहेर पडताना लागायची. आणि वरच्या पंधरावीस जणांची पसंती परराष्ट्र खात्याला नसायची, हे आपल्या लोकांना पटकन पटत नाही! टॉपचे लोक घ्यायचे अर्थखात्याचं इन्स्पेक्शन, कौन्सिल ऑफ स्टेट, नाहीतर कूर दे कोंत, म्हणजे आपल्या कॅगसारखं, हिशेब तपासणारं कोर्टच. गेएनो तिथं लागले. म्हणजे ज्याला आपण फ्रेंच डिप्लोमॅट म्हणतोय तो मुळात ऑडिटर.

आता इथं फ्रेंच सिस्टिमची खरी गंमत आहे. तुमचं मूळ केडर एकदा पक्कं झालं की तुम्ही तिथून ‘डिटॅच’ होऊन कुठंही जाऊ शकता, परराष्ट्र खातं, एखादा मंत्री, दुसऱ्या देशातली वकिलात, युरोपियन संस्था, युनो, आणि जागा मागं राखलेली राहते. आपल्याकडं डेप्युटेशनवर जातात आणि लिएन ठेवतात ना, त्याचंच मोठं रूप. गेएनोंचा रस्ता बघा: १९८२ ते ८६ वॉशिंग्टनच्या वकिलातीत सांस्कृतिक विभागाचे प्रमुख, मग १९८९ ते ९३ परराष्ट्र खात्याच्या पॉलिसी प्लॅनिंग विभागाचे डायरेक्टर, म्हणजे बर्लिनची भिंत पडली, सोव्हिएत युनियन फुटला, युगोस्लाव्हिया पेटला तेव्हा पॅरिसमध्ये बसून ‘आता पुढं काय’ याच्या नोट्स लिहिणारा माणूस. त्यानंतर दोन वर्षं वेस्टर्न युरोपियन युनियन या संरक्षण संघटनेला राजदूत, मग परत हिशेबाच्या कोर्टात, आणि १९९८ ते २००० फ्रान्सच्या संरक्षण अभ्यास संस्थेचे अध्यक्ष. मधे एक पुस्तकही लिहून झालं, लोकशाही आणि राष्ट्र-राज्याच्या भवितव्यावर. यात कुठंही शांतिसेना नाही, आफ्रिका नाही, युद्धात सापडलेलं एखादं गाव नाही. फील्डवरच्या माणसाला याचा जरा राग येतो, खोटं कशाला बोलू. आमच्यात म्हणायचे, ज्यानं कधी कंटेनरमध्ये झोपून मलेरिया काढला नाही तो आम्हाला काय सांगणार.

मग त्यांनाच का घेतलं? ताई, एका वाक्यात सांगायचं तर ती खुर्ची फ्रान्सच्या वाट्याची होती म्हणून.

हे नीट समजून घ्या कारण भाचीला कुठल्याच कोर्समध्ये इतकं उघड सांगणार नाहीत. १९९६ च्या शेवटी अमेरिकेनं तेव्हाचे सेक्रेटरी जनरल बुत्रोस घालींना दुसरी टर्म मिळू दिली नाही, त्यांच्या जागी कोफी अन्नान यांचं नाव पुढं आलं, आणि फ्रान्स अडून बसला. डिसेंबरात विरोध मागं घेतला. १९९७ पासून शांतिसेनेचं खातं फ्रेंच माणसाकडं आहे: बेर्नार मिये, मग गेएनो, मग आलँ ल रोआ, मग एर्व्ह लादसू, आणि २०१७ पासून ज्याँ-पिएर लाक्र्वा. या दोन गोष्टींचा सौदा झाला असं न्यूयॉर्कात सगळे बोलतात, कागदावर तुम्हाला कुठं सापडणार नाही. बाकीच्या मोठ्या देशांचंही असंच, राजकीय खातं बरीच वर्षं अमेरिकनांकडं, मानवतावादी मदत ब्रिटिशांकडं, आर्थिक-सामाजिक खातं चिन्यांकडं. तर पासपोर्टशिवाय ही खुर्ची मिळत नाही. फ्रान्स नावं देतो, सेक्रेटरी जनरल त्यातनं निवडतात.

या पाच जणांच्या करिअरही एकासारखी दुसरी नाही. मिये आधी जिनिव्हाला राजदूत होते आणि युनो सोडल्यावर फ्रान्समधल्या संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सासेम या संस्थेचे प्रमुख झाले, आता बोला. ल रोआ मूळचे पेट्रोलियम इंजिनिअर, पण मधे कोसोवोत युनोचे प्रादेशिक प्रशासक म्हणून राहिलेले, त्यामुळं फील्डवर त्यांना मान होता. लादसू चीन आणि इंडोनेशियाला राजदूत, अस्सल परराष्ट्र खात्यातले. लाक्र्वा एना, स्वीडनला राजदूत, आणि न्यूयॉर्कच्या फ्रेंच मिशनमध्ये आधी काम केलेलं.

आता दुसरा प्रश्न, कुणाचा माणूस. युनोच्या चार्टरचं कलम १०० म्हणतं की सेक्रेटरिएटमधल्या कुणीही कुठल्याही सरकारकडून सूचना मागायच्या नाहीत आणि घ्यायच्या नाहीत, आणि सरकारांनीही तसा दबाव आणायचा नाही. रुजू होताना शपथ असते, माझ्यासारख्या साध्या माणसानंही घेतली होती. नियम चांगलाय. पण तुला तुझ्या सरकारनं बसवलंय, पेन्शन त्यांच्याकडं, परत गेल्यावर पुढची पोस्टिंग त्यांच्याकडं, आणि फोन आला तर ‘सूचना’ म्हणून येत नाही, ‘जरा गप्पा मारूया’ म्हणून येतो.

हे किती घसरू शकतं ते बघायचं तर युनोच्या आधीच्या लीग ऑफ नेशन्सकडं जावं लागेल. तिथंही पहिल्या दिवसापासून फ्रेंचांची वरची जागा ठरलेली. पहिले डेप्युटी सेक्रेटरी जनरल ज्याँ मोने, वय तिशीच्या आसपास, तेच पुढं युरोपियन एकीकरणाचे शिल्पकार झाले. त्यांच्या जागेवर १९२३ ला आले जोझेफ आवेनोल, अर्थखात्याच्या इन्स्पेक्शनमधले, म्हणजे त्याच वरच्या रँकच्या जातकुळीतले. १९३३ ला ते सेक्रेटरी जनरल झाले. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडला आणि या गृहस्थांनी काय करावं, जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या पेतॅंच्या सरकारला आपली सेवा देऊ केली आणि लीगला जर्मनांच्या नव्या युरोपच्या दावणीला बांधायची स्वप्नं बघायला लागले. शेवटी राजीनामा द्यावा लागला आणि शॉन लेस्टर नावाच्या आयरिश माणसानं जिनिव्हात उरलेसुरले लोक घेऊन युद्धभर दिवा तेवत ठेवला. शपथ तर आवेनोल यांनीही घेतलीच असेल. म्हणून मी शपथेला फार भाव देत नाही, ज्या दिवशी स्वतःच्या देशाचा स्वार्थ टेबलावर येतो त्या दिवशी माणूस काय करतो ते बघतो.

गेएनोंच्या बाबतीत असे दिवस बरेच आले.

ते ऑक्टोबर २००० ला रुजू झाले तेव्हा खात्याची अवस्था वाईट होती. मागं रवांडा आणि बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा, युनोचे सैनिक तिथं असून थांबवू न शकलेल्या कत्तली. आणि ताजं म्हणजे सिएरा लिओन, त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या आरयूएफ बंडखोरांनी युनोचे सुमारे पाचशे सैनिक धरून ठेवले होते. तिथल्या कैलाहून गावात आपल्या ५/८ गुरखा रायफल्सच्या दोन कंपन्या, दोनशेवर जवान, वेढ्यात अडकले, आणि जुलैत ऑपरेशन खुक्री करून त्यांना बाहेर काढलं. तिथला फोर्स कमांडरही आपलाच, मेजर जनरल जेटली, त्यांचा आपल्याच मिशनच्या वरिष्ठांवर कडक टीका करणारा रिपोर्ट पेपरांत फुटला आणि भारतानं पलटण परत बोलावली. गेएनोंची सुरुवात इथून, सैन्य देणारा मोठा देश नाराज होऊन निघालाय.

हेडक्वार्टरात तरी काय होतं? त्याच ऑगस्टमध्ये शांतिसेनेच्या कामाची तपासणी करणाऱ्या लखदर ब्राहिमी समितीचा रिपोर्ट आला, त्यात लिहिलंय की फील्डवरच्या २७,००० सैनिकांचं प्लॅनिंग करायला न्यूयॉर्कात फक्त ३२ मिलिटरी ऑफिसर आहेत, आणि पोलिसांसाठी नऊ. बत्तीस! आपल्याकडच्या एखाद्या ब्रिगेडचं हेडक्वार्टर बघा आणि तुलना करा. गेएनोंनी पहिली काही वर्षं हेच केलं, जनरल असेंब्लीच्या बजेट कमिटीपुढं बसून पोस्ट मागायच्या. ऑडिटरचं शिक्षण इथं कामी आलं असणार, कारण त्या कमिटीत तत्त्वज्ञान चालत नाही, तिथं मधल्या दर्जाच्या एका पी-४ पोस्टवर दोन दोन तास वाद होतात. ब्रिंडिसीला, इटलीत, युनोचा सामानाचा डेपो आहे, तिथं मिशन सुरू होण्याआधीच साहित्य साठवून ठेवायला पैसे मिळाले ते ब्राहिमी रिपोर्टमुळं, आणि त्याचा फायदा आम्हाला हाताला लागत होता, आधी ज्या कंटेनर ऑफिससाठी मिशनच्या सुरुवातीला महिनोन्‌महिने बोंब असायची ते लवकर यायला लागले.

एक गोष्ट जवळून सांगतो म्हणजे ती खुर्ची कशी चालते ते कळेल. मिशनमधून न्यूयॉर्कला जे अधिकृत पत्र जातं त्याला कोड केबल म्हणतात. वर एक ठराविक चौकट असते: कुणाला, तर ‘गेएनो, युनेशन्स, न्यूयॉर्क’, कुणाकडून, तर मिशनप्रमुख, खाली नंबर, तारीख, विषय. खालच्या स्टाफनं लिहिलेला मजकूर वर जाता जाता गुळगुळीत होत जातो. आम्ही लिहायचो की अमुक कंटिन्जंटच्या, म्हणजे अमुक देशाच्या पलटणीच्या, चिलखती गाड्यांपैकी तिसरा भाग बंद पडलाय, करारानं नव्वद टक्के चालू पाहिजेत, तर वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याचं होणार ‘काही क्षमता-विषयक आव्हानं’. आता साहेबाला यातून ओळखायचंय की हे गाव उद्या पडणार आहे का नाही. गेएनोंबद्दल फील्डवाले एक बरं बोलायचे की ते आल्यावर ब्रीफिंगचं पॉवरपॉइंट लवकर आटपतात आणि मग साधे प्रश्न विचारतात, रस्ता पावसात चालू असतो का, रात्री गस्त जाते का. मी एकदाच त्यांच्यासमोर बसलोय, तेही मागच्या रांगेत, पण डिझेल किती दिवसांचं आहे हा प्रश्न अंडर सेक्रेटरी जनरलनं विचारलेला मी ऐकलाय.

आता ते देशाचा स्वार्थवाले दिवस. पहिला, बुनिया, काँगोचा इतुरी भाग, मे २००३. युगांडाचं सैन्य निघून गेलं आणि हेमा आणि लेंडू या दोन जमातींच्या मिलिशियांनी एकमेकांची कत्तल सुरू केली. युनोची तिथं उरुग्वेची एक बटालियन, साधारण सातशे माणसं, पहारा द्यायला आलेली, लढायला नव्हे. हजारो लोक युनोच्या कॅम्पच्या आणि विमानतळाच्या कुंपणाला येऊन बसलेले. कोफी अन्नान यांनी तातडीची फौज मागितली आणि पुढं आला कोण, फ्रान्स. युरोपियन युनियनच्या नावानं ऑपरेशन आर्टेमिस झालं, सुरक्षा परिषदेचा ठराव १४८४, जूनमध्ये उतरले, १ सप्टेंबरला परत. आफ्रिकेत फ्रेंच सैन्य म्हटलं की रवांडात फ्रान्सनं कत्तल करणाऱ्या सरकारला पाठीशी घातल्याच्या आरोपाची आठवण लगेच निघते, आणि खात्याचा प्रमुख फ्रेंच, म्हणजे संशय घ्यायला सगळी सामग्री तयार! पण यात मला गेएनोंना दोष देता येत नाही. कुणीच जायला तयार नव्हतं आणि पॅरिसमध्ये कुठल्या दारावर टकटक करायची ते या माणसाला माहीत होतं, तो पासपोर्ट इथं युनोच्या कामाला आला. शिवाय आर्टेमिस फक्त बुनिया शहरापुरतं आणि तीन महिन्यांचं, त्या वेळात मागून इतुरी ब्रिगेड उभी केली, बांगलादेशी, पाकिस्तानी, नेपाळी पलटणी, आणि वर आपल्या एअरफोर्सची हेलिकॉप्टर. फ्रेंच गेले आणि पुढची कित्येक वर्षं ते डोंगर साउथ एशियावाल्यांनी तुडवले. फेब्रुवारी २००५ ला तिथंच नऊ बांगलादेशी सैनिक मारले गेले.

दुसरा दिवस यापेक्षा अवघड. आयव्हरी कोस्ट, ६ नोव्हेंबर २००४. हा देश फ्रान्सची जुनी वसाहत. उत्तरेत बंडखोर, दक्षिणेत अध्यक्ष बाग्बो, मधे युनोचं मिशन आणि त्याच्या जोडीला लिकोर्न नावाची फ्रेंच फौज. ही फौज युनोच्या निळ्या टोपीत नाही, कमांड पॅरिसची, पण सुरक्षा परिषदेच्या ठरावानं तिला युनोच्या मिशनला मदत करायचा अधिकार. त्या दिवशी सरकारी सुखोई विमानांनी बुआकेच्या फ्रेंच कॅम्पवर बॉम्ब टाकले, नऊ फ्रेंच सैनिक आणि एक अमेरिकन शेतीतज्ज्ञ ठार. फ्रान्सनं काही तासांत त्या देशाचं जवळजवळ सगळं हवाई दल जमिनीवरच उडवलं. आबिजानमध्ये दंगल, गोऱ्या लोकांची घरं फोडली, हॉटेल इव्हॉरच्या समोर फ्रेंच सैनिकांच्या गोळीबारात आयव्हरियन माणसं मेली. आणि न्यूयॉर्कात बसून युनोच्या शांतिसैनिकांना जपणारा माणूस फ्रेंच. रस्त्यावरचा माणूस निळ्या टोपीत आणि लिकोर्नमध्ये फरक करत नव्हता, आणि खरं सांगायचं तर ठरावच असा लिहिला होता की फरक करणं अवघड. ठराव लिहितं कोण? सुरक्षा परिषदेत आयव्हरी कोस्टचा मसुदा कायम फ्रान्सच्या हातात, काँगोचाही, लेबननचाही. म्हणजे मसुदा फ्रेंच मिशननं लिहायचा, खातं फ्रेंच माणसानं चालवायचं, आणि पहाऱ्यावर उभं राहायचं बांगलादेश, मोरोक्को, घानाच्या पोरांनी. या व्यवस्थेवर माझा आक्षेप आहे, माणूस कितीही सज्जन असो. गेएनो व्यक्ती म्हणून पॅरिसचा पोपट कधीच झाले नाहीत असं मी त्यांच्याबरोबर काम केलेल्यांकडून ऐकलंय, पण राखीव खुर्चीचा तोटा हाच की तुम्ही बरोबर वागलात तरी ते कुणाला पटत नाही.

लेबननला उलटं झालं आणि ते मला जास्त बोलकं वाटतं. २००६ चं इस्रायल-हिजबुल्लाह युद्ध, ११ ऑगस्टला ठराव १७०१, युनिफिल ही तिथली युनोची फौज १५,००० पर्यंत वाढवायची. सगळ्यांना वाटलं फ्रान्स मोठी फौज देणार, आणि पॅरिसनं आधी जाहीर केली जादाची दोनशे माणसं! फ्रेंच जनरल बोस्नियात निळ्या टोपीत पोळले होते, त्यांना युनोच्या कमांडवर भरोसा नव्हता. आता खात्याचा प्रमुख फ्रेंच असून स्वतःच्या सैन्याला पटवतोय की आमची कमांड भरवशाची आहे. शेवटी न्यूयॉर्कात या मिशनसाठी वेगळा मिलिटरी सेल काढायचा ठरलं आणि फ्रान्सचे अध्यक्ष शिराक यांनी ऑगस्ट संपता संपता दोन हजारांचा आकडा जाहीर केला. आमच्यासारख्यांना यात खुपलं ते वेगळंच. आपली भारतीय बटालियन दक्षिण लेबननमध्ये १९९८ पासून बसलेली, काँगोत नॉर्थ किवूला आख्खी ब्रिगेड, त्यांच्यासाठी कधी कुणी खास सेल काढला नाही. युरोपियन आले आणि लगेच निघाला.

पैशांचंही सांगतो, कारण पोरांना वाटतं सगळं आदर्शवादावर चालतं. त्या काळात युनो सैन्य देणाऱ्या देशाला माणशी महिन्याला साधारण १,०२८ डॉलर देत होती, ते सरकारला, जवानाला नव्हे. यात आपल्यासारखे देश येतात, श्रीमंत देश येत नाहीत, ते वर्गणी देतात. गेएनो गेले २००८ ला तेव्हा सैनिक, पोलीस, सिव्हिलियन धरून लाखाच्या वर माणसं फील्डवर आणि बजेट सात अब्ज डॉलरच्या घरात. एवढं वाढलं आणि तरी सुदानमधल्या दारफूरसाठी २००७ ला ठराव झाल्यावर दोन डझन हेलिकॉप्टर जगात कुठं मिळाली नाहीत. गेएनोंनी परिषदेपुढं जाऊन उघड सांगितलं की ही साधनं नसतील तर हे मिशन निघायलाच नको होतं का हे विचारावं लागेल. सुदान सरकारनं नॉर्डिक देशांचे इंजिनिअर नाकारले, आणि परिषदेतल्या श्रीमंतांनी हेलिकॉप्टर दिली नाहीत. फ्रान्सनंही नाही.

चुकाही मोठ्या झाल्या त्यांच्या काळात. जून २००४ ला काँगोतलं बुकावू शहर बंडखोरांनी घेतलं आणि काँगोतलं मिशन बघत राहिलं. शांतिसैनिकांकडून बायका-मुलींच्या लैंगिक शोषणाची प्रकरणं काँगोत बाहेर आली, जॉर्डनचे प्रिन्स झैद यांचा २००५ चा रिपोर्ट त्यावरचाच, आणि त्याला खातं उशिरा जागं झालं हे मान्य करायला पाहिजे. पण २००६ ला काँगोची निवडणूक पार पडली, आणि त्याच नोव्हेंबरात एनकुंडा या बंडखोर जनरलची फौज गोमा शहराच्या दिशेनं निघाली तेव्हा साकेजवळ आपल्या ब्रिगेडनं आणि हेलिकॉप्टरांनी तिला अडवलं. बुकावू आणि साके यांच्यामधली दोन वर्षं म्हणजे खातं काय शिकलं त्याचा पुरावा, असं मी तरी मानतो.

पुढची करिअर पटापट. २००८ नंतर अमेरिकेत थिंक टँक आणि कोलंबिया युनिव्हर्सिटी. २०१२ ला सीरियासाठी कोफी अन्नान यांचे उपदूत. त्याच वर्षी फ्रान्सचे अध्यक्ष ओलांद यांनी बोलावलं आणि ते फ्रान्सच्या संरक्षण धोरणाची श्वेतपत्रिका लिहिणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष झाले, ती एप्रिल २०१३ ला आली. मग २०१४ ते २०१७ युद्ध-संघर्षांचा अभ्यास करणाऱ्या इंटरनॅशनल क्रायसिस ग्रुप या संस्थेचे प्रमुख, आणि मधे आठवणींचं जाडजूड पुस्तक. बघा, युनोतली आठ वर्षं आणि सीरियाचं काम झाल्यावर परत स्वतःच्या देशाचं संरक्षण धोरण लिहायला बसता येतं, आणि त्यात कुणाला विचित्र वाटत नाही, कारण फ्रान्समध्ये हे असंच चालतं. आपल्याकडं युनोत बरीच वर्षं काढलेल्या माणसाला परत सरकारात इतकी मोठी जागा क्वचितच मिळते.

आपल्या लोकांचं काय? सतीश नंबियारांचं नाव भाचीला सांगा. जन्म मुंबईचा, कमिशन मराठा लाइट इन्फंट्रीत, आणि १९९२ ला युगोस्लाव्हियात युनोच्या फौजेचे पहिले फोर्स कमांडर. वर्षभरानं मुदतवाढ न घेता परत आले. पुढं अन्नान यांनी २००३ ला युनोच्या सुधारणेसाठी नेमलेल्या उच्चस्तरीय पॅनेलवर पण होते. म्हणजे फौजेची कमांड आपल्याला मिळते, सल्ला विचारतात, शांतिसेना खात्याची खुर्ची मिळत नाही. ती सुरक्षा परिषदेच्या कायम सदस्यांची मालमत्ता आहे आणि लवकर सुटेल असं मला दिसत नाही.

तर भाचीनं त्या खुर्चीकडं बघून प्लॅन करू नये, तिच्या खालच्या पायऱ्यांकडं बघावं, तिथं पासपोर्टचं वजन बरंच कमी होतं. फ्रेंच हे तिचं हुकमी पान आहे, ते अर्धवट सोडू नका. सेक्रेटरिएटच्या कामाच्या भाषा दोनच, इंग्रजी आणि फ्रेंच, आणि काँगो, मध्य आफ्रिकन रिपब्लिक इथं फ्रेंचशिवाय बाजारात भाजी मिळत नाही, मग गावच्या प्रमुखाशी बोलणं लांबच. इंग्रजी येणारे भारतीय युनोत ढीगभर, फ्रेंचमध्ये रिपोर्ट लिहिणारे फार कमी. डेल्फ ही फ्रेंचची परीक्षा बी२ पातळीपर्यंत नेटानं करा, पण नुसतं सर्टिफिकेट नको, फोनवर भांडता यायला पाहिजे. इंटरव्ह्यूला पॅनेल मधेच फ्रेंचमध्ये वळतं.

शिरायचे रस्ते: यंग प्रोफेशनल्सची परीक्षा आहे, वय ३२ पर्यंत, पण ज्या देशांची माणसं सेक्रेटरिएटमध्ये कमी आहेत त्यांनाच त्या वर्षी बोलावतात, भारत यादीत आहे का ते दरवर्षी बघायचं. फ्रान्स, जर्मनी, नॉर्डिक देश स्वतःच्या पोरांना पैसे भरून ज्युनिअर ऑफिसर म्हणून पाठवतात, तो रस्ता आपल्याला जवळजवळ बंद. उघडा आहे तो युएन व्हॉलंटिअर, नावात व्हॉलंटिअर असलं तरी राहण्याखाण्यापुरता भत्ता मिळतो, आणि मिशनमध्ये काम तेच करावं लागतं जे पगारी माणूस करतो. मी बघितलेल्या बऱ्याच चांगल्या अधिकाऱ्यांची सुरुवात तिथून झालीय. आणि एक हाताचं कौशल्य पाहिजे: हिशेब, प्रोक्युअरमेंट, कायदा, पाणी, डेटा, काहीही. नुसतं ‘इंटरनॅशनल रिलेशन्स’ घेऊन आलेल्याला काय काम द्यायचं हे मिशनमध्ये कुणालाच कळत नाही. तिचं ग्रॅज्युएशन कशात आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, ते कळवलंत तर कुठल्या सेक्शनला अर्ज टाकायचा ते नेमकं सांगता येईल. कॉमर्स असेल तर बजेट किंवा प्रोक्युअरमेंट, इंजिनिअरिंग असेल तर माझं जुनं सेक्शन, तिथं माणसं कायम कमीच असतात.